गोदामवाल्याला कष्टांची लागण

मुख्य कचेरीतून आलेला फॉर्म हेडक्लार्कांनी तीनदा वाचला. दरवर्षी प्रत्येक कर्मचाऱ्यापुढे 'चांगला', 'बरा' किंवा 'सुधारणा हवी' यांपैकी एकावर खूण केली की काम भागायचं. यंदा खुणा बंद झाल्या होत्या. प्रत्येकाची प्रवृत्ती एका वाक्यात लिहायची होती, आणि तीही इंग्रजीत.

"आता खरी मजा," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी बाह्या सारल्या.

वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीच्या त्या लहानशा शाखेत इंग्रजी म्हणजे हेडक्लार्क, असा दबदबा होता. तो कुणी निर्माण केला म्हणाल, तर हेडक्लार्कांनीच. शाखाप्रमुख चार महिन्यांत निवृत्त व्हायचे होते, त्यामुळे त्यांनी कागद वाचणं आधीच सोडून दिलं होतं. "तुम्ही लिहा, मी सही ठोकतो," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या रिकाम्या होणाऱ्या खुर्चीवर हेडक्लार्कांचा डोळा होता. मुख्य कचेरीला आपलं इंग्रजी दाखवायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

त्यांनी शब्दांचं जाडजूड पुस्तक उघडलं. 'प्रवृत्ती' या शब्दाखाली एक अख्खी फौज उभी होती. 'टेंड टू' तर काय, शाळेतली पोरंही लिहितात. पण 'प्रोन टू', 'लायबल टू', 'सस्सेप्टिबल टू' यांना वजन होतं. शेवटचा शब्द उच्चारताना तर हेडक्लार्कांच्या तोंडातून तुषार उडाले. सगळ्यांपुढे अर्थ एकच दिला होता, 'कल असणे'. मग कुणाला कुठला लावायचा, हा केवळ आवडीचा प्रश्न.

स्टोअरकीपर हा शाखेतला सगळ्यांत राबणारा माणूस. त्याच्याबद्दल हेडक्लार्कांनी मनापासून लिहिलं, 'ही इज प्रोन टू हार्ड वर्क.' तेवढ्यावर समाधान होईना म्हणून पुढे जोडलं, 'अँड लायबल टू ऑनेस्टी.' टायपिस्ट बाईंच्या वाट्याला 'सस्सेप्टिबल टू अ‍ॅक्युरसी' आलं. राहता राहिला जावक कारकून. हा दिवसभर टपालाच्या पिशवीवर डोकं ठेवून झोपे. त्याला मात्र हेडक्लार्कांनी सोडलं नाही. 'ही इज केपेबल ऑफ स्लीपिंग फोर अवर्स अ‍ॅट अ स्ट्रेच,' असं लिहून त्यांनी पूर्णविराम असा दिला की निबच वाकली.

टायपिस्ट बाईंनी कागद टाईप करून आणला. शाखाप्रमुखांनी सही ठोकली. टपाल गेलं.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचे डॉक्टर बॅग घेऊन दारात हजर झाले.

"स्टोअरकीपर कोण?"

"मीच साहेब," स्टोअरकीपर हात पुसत पुढे आला.

"कधीपासून होतोय हा त्रास?"

"कसला हो?"

डॉक्टरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "कष्टांचा. झटका आला की किती वेळ टिकतो?"

"सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा," स्टोअरकीपर प्रामाणिकपणे म्हणाला.

डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने लिहून घेतलं. 'प्रोन' म्हणजे पालथा, एवढं त्यांना वैद्यकीच्या शिक्षणातून पक्कं आठवत होतं, म्हणून त्यांनी त्याला बाकावर पालथं झोपवलं आणि पाठ ठोकून पाहिली. वाक्याचा अर्थ आपल्याला लागत नाही, हे कबूल करण्यापेक्षा रोगी धरणं त्यांना सोपं वाटलं. "प्रकरण जुनं आहे," ते म्हणाले. "सक्तीची रजा. काम अजिबात करायचं नाही. आणि हे दुसरं, ऑनेस्टीचं, ते घरातल्या कुणाला लागलंय का?"

हेडक्लार्क शेजारीच उभे होते. काहीतरी चुकलंय, हे त्यांना उमगलं. पण 'माझं इंग्रजी चुकलं' हे वाक्य त्यांना कुठल्याच भाषेत येत नव्हतं. त्यांनी रात्रभर खपून मुख्य कचेरीला खुलाशाचं पत्र लिहिलं. त्यात स्टोअरकीपरची कष्टांची 'लायबिलिटी' उपजतच असून त्याबद्दल त्याला दोष देऊ नये, अशी विनंती होती. उलट टपाली उत्तर आलं. आजार उपजत असल्यास रजा बिनपगारी धरावी, आणि बदली माणूस मिळेपर्यंत गोदाम हेडक्लार्कांनी सांभाळावं.

मग हेडक्लार्क गोदामात बसू लागले. पाच किलोची वजनं, दहा किलोची वजनं, वीस किलोची वजनं. चौथ्या दिवशी त्यांची कंबर धरली.

त्याच दिवशी दुपारी स्टोअरकीपरची बायको आली. ती दारातच उभी राहिली.

"भाऊ, खरं काय ते सांगा. यांना काय झालंय?"

"काही नाही हो वहिनी. ठणठणीत आहे तो."

"मग घरी का बसवलंय? चाळीत बायका भांडी वेगळी ठेवायला लागल्यात. धाकटी विचारते, बाबांना कसला रोग आहे? काय सांगू तिला?" तिने पदर डोळ्यांना लावला. "हे तर म्हणतात, हेडक्लार्कसाहेबांनी माझ्याबद्दल चांगलंच लिहिलं असणार. तुमच्यावर फार विश्वास आहे त्यांचा."

ती गेल्यावर हेडक्लार्क एका वजनावर बसले. वर कचेरीत शिपायाने मुख्य कचेरीचा हुकूम आणला होता. नव्या शाखाप्रमुखांची नेमणूक झाली होती. जावक कारकुनाची. शेरा होता, 'अहवालात केपेबल असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेला एकमेव कर्मचारी.' मुख्य कचेरीत वाक्य पहिल्या तीन शब्दांपर्यंतच वाचायची पद्धत होती. जावक कारकुनाला ही बातमी द्यायला दोघांना मिळून त्याला उठवावं लागलं.

संध्याकाळी हेडक्लार्क कंबर धरून टायपिस्ट बाईंच्या टेबलापाशी आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "बाई, तुम्हाला ते 'प्रोन टू' माहीत आहे का हो?"

"आहे की."

"मग त्यात चुकलं काय?"

बाईंनी मशीनवरचे हात काढले. "आपण 'रडका' म्हणतो, 'चिडका' म्हणतो, 'मारका' म्हणतो. 'हसका' म्हणतो का? हसणाऱ्याला हसरा म्हणतो. का, ते विचारू नका, पण कुणी चुकत नाही. तसंच आहे ते. सर्दी, अपघात, चुका, म्हणजे जे नको असतं, त्याच्याच मागे 'प्रोन टू' लावतात. तुम्ही त्या गरिबाला कष्टका करून टाकलंत."

"आणि हे तुम्हाला टाईप करतानाच कळलं होतं?"

"पहिल्याच ओळीला."

"मग बोलला का नाहीत?"

"मागे एकदा तुमचं स्पेलिंग सुधारलं होतं, तेव्हा मेमो दिला होतात. टायपिस्टने टाईप करावं, विचार करू नये. अजून जपून ठेवलाय मी." बाईंनी खण उघडून दाखवला.

हेडक्लार्कांना काहीतरी आठवलं. "पण तुम्हाला कसा डॉक्टर आला नाही?"

"माझं वाक्य मी बदललं. 'शी इज अ‍ॅक्युरेट' एवढंच ठेवलं. तेवढी चूक माझीही आहे. त्याचं वाक्य तसंच जाऊ दिलं." त्यांनी मशीनवर कोरा कागद चढवला. "बसा. ते आत्ता नीट करू."

पत्र अर्ध्या मिनिटात झालं. 'ही वर्क्स हार्ड अँड ही इज ऑनेस्ट. ही इज नॉट इल.' खाली हेडक्लार्कांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'द मिस्टेक वॉज माइन.' चार शब्द लिहायला त्यांना पत्रापेक्षा जास्त वेळ लागला. आठवड्याभरात स्टोअरकीपर कामावर आला, कापलेला पगारही परत मिळाला. त्याने हेडक्लार्कांचे इतक्या वेळा आभार मानले की त्यांना गोदामात तोंड दाखवणं कठीण झालं.

पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म आला. नव्या शाखाप्रमुखांनी एक डोळा उघडून हेडक्लार्कांना बोलावलं.

"तुमच्याबद्दल मला लिहायचंय म्हणे. माझं इंग्रजी कच्चं. तुम्हीच आणा लिहून."

हेडक्लार्क मुकाट्याने टायपिस्ट बाईंकडे गेले. "बाई, माझं वाक्य तेवढं तुम्ही लिहा. पण बिनचूक हवं."

बाईंनी वर न बघता एक ओळ टाईप केली आणि कागद ओढून त्यांच्या हातात दिला. 'ही इज प्रोन टू युझिंग वर्ड्स ही डझ नॉट अंडरस्टँड.'

हेडक्लार्कांनी ते दोनदा वाचलं. कान लाल झाले. त्यांनी विचारलं, "यात 'प्रोन टू' बरोबर आहे?"

"अगदी बरोबर. बदलून देऊ का? चुकीचं लिहून देते हवं तर."

ते कागद घेऊन आत गेले. शाखाप्रमुखांनी पेन शोधता शोधता जांभई दिली.

"चांगलं लिहिलंय ना?"

हेडक्लार्कांनी कागद पुढे सरकवला. मग त्यांनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"इंग्रजी एकदम शुद्ध आहे, साहेब."