निवांतपणाची कार्यक्रमपत्रिका

निवांतपणा ही आपोआप घडणारी गोष्ट नाही. त्यासाठी पूर्वतयारी, शिस्त आणि किमान दोन प्रती लागतात. बसडेपोच्या वेळापत्रक विभागात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले साहेब हे जाणून होते. (सगळे त्यांना ‘मिनिटसाहेब’ म्हणत, तोंडावरसुद्धा. साहेब ती पदवी समजत.)

लग्नानंतर लगेच दोघं ज्या बेटावर गेले होते, तिथे पुन्हा जाऊन गाडीने रमतगमत चक्कर मारू, असा शब्द त्यांनी बायकोला दिला होता. त्याची अंमलबजावणी तेव्हापासून प्रलंबित होती. (विलंबाचं कारण : काम.) आता तो एकदाचा पाळायचा आणि तिला खूश करायचं, या ध्यासाने त्यांनी तीन आठवडे खपून पत्रक तयार केलं. बेटाचा घेर बहात्तर किलोमीटर, प्रेक्षणीय स्थळं अकरा, परतीची शेवटची बोट पाच चाळीसला. किल्ला बावीस मिनिटं, दीपगृह चौदा, जुनी तोफ चार (तोफ एकच असल्याने), रमतगमत नऊ. ‘वाटेत अचानक काही आवडल्यास’ सहा मिनिटं राखीव. मात्र ते साडेबारा ते एकच्या दरम्यान आवडावं.

पहिल्याच स्थळी घात झाला. किल्ल्याच्या समुद्राकडच्या पायरीवर बायको चपला काढून बसली, ती उठेचना.

“अगं, बावीस मिनिटं झाली!”

“होऊ देत.”

“आणि दीपगृह?”

“ते काय पळून चाललंय? तुम्ही या जाऊन. रस्ता गोलच आहे, फिरून इथेच याल.”

साहेबांना या युक्तिवादात चूक सापडली नाही. उरलेली दहा स्थळं त्यांनी एकट्याने उरकली. गाडीभोवती नऊ मिनिटं रमतगमत फिरले. साडेबाराला गाडीत बसून काही आवडण्याची वाट पाहिली. काहीच आवडलं नाही. सहा मिनिटं वाचली, याचा मात्र त्यांना मनापासून आनंद झाला.

चार पन्नासला ते परतले, तेव्हा दोनशे चौदा फोटो जमले होते. (पैकी एकोणचाळीस अंगठ्याचे.) बायको तिथेच होती.

“काय काय पाहिलंत?”

साहेबांनी खिशातून पत्रक काढलं. त्यात बघितल्याशिवाय त्यांना एकही जागा आठवेना. त्यांना लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

“तू काय केलंस दिवसभर?”

“बसले. मागे याच पायरीवरून तुम्ही हात धरून उठवलं होतंत मला, बोट चुकेल म्हणून. म्हणालात, पुढच्या वेळी बसू.” तिने चपला सरकवून शेजारी जागा केली.

साहेब पत्रक अंथरून त्यावर बसले. घड्याळाकडे न पाहता बसले, सलग चार मिनिटं. (चारच, हे त्यांनी नंतर घड्याळात पाहिलं.) पाच चाळीसची बोट बरोबर पाच चाळीसला सुटली. पायरीवर बसल्या बसल्या साहेबांनी बोटीच्या वक्तशीरपणाचं तोंडभरून कौतुक केलं.

साहेबांना हसणाऱ्या वाचकांसाठी एक नोंद. ही हकिगत अजून किती उरली, हे बघायला मघाशी आपली नजर झरकन खाली जाऊन आली. बायकोने शेजारी जागा केली ती नेमकी तेव्हाच. निसटलं असेल तर परत जाऊन वाचा. सहा मिनिटं राखीव आहेत.