राहत्या पत्त्यावर राहणारा माणूस

साबातिनो कोझोलिनो यांनी एकतीस वर्षांत एकदाही कुणाला धडक दिलेली नाही, ही बाब आमच्या विमा कंपनीच्या निदर्शनास आली आणि कंपनीने त्यांचा हप्ता वाढवला.

मी नेपल्समध्ये वाहनविम्याचा एजंट आहे. मिलानच्या मुख्य कार्यालयाने घेतलेले निर्णय गिऱ्हाइकाला समजावून सांगणं हे माझं काम. ते आधी मला समजले पाहिजेत, अशी अट नेमणूकपत्रात नव्हती.

साबातिनो माझ्याच गल्लीतला केकवाला. लग्नाचे पाच-पाच मजली केक करतो आणि आपल्या जुन्या, छोट्या गाडीतून स्वतः पोचवतो. क्रीमला धक्का सोसत नाही, म्हणून तो बैलगाडीच्या वेगाने चालवतो. लाल दिवा दिसला की थांबतो. आमच्या शहरात कुणी लाल दिव्याला थांबलं तर मागचे लोक आधी घाबरतात, मग भोंगे वाजवतात, मग त्याच्या आईचा उद्धार करतात. साबातिनो काच खाली करून सगळ्यांची माफी मागतो आणि हिरव्याची वाट पाहतो.

वाढीव हप्त्याचा कागद घेऊन तो कचेरीत आला.

"साहेब, गाडीच्या किमतीपेक्षा विमा जास्त?"

"गाडी जुनी होत जाते, साबातिनो. विमा दर वर्षी नवा असतो."

"व्हेरोनात माझा मावसभाऊ आहे. दोनदा गाडी कालव्यात घातली मेल्याने. तो माझ्या हप्त्याचा तिसरा हिस्सा भरतो! माझ्यापेक्षा चांगली चालवतो का तो?"

"प्रश्न त्याचा नाहीच. त्याचे शेजारी चांगले आहेत."

"म्हणजे शेजाऱ्यांनी केलेल्या अपघातांचे पैसे मी भरायचे?"

"छे छे! अपघाताचे नाही. शेजाऱ्यांच्या हातून जे होऊ शकतं, त्याचे."

साबातिनोने बोटांवर हिशेब केला. हप्ता भरला तर धंद्यात काही उरत नव्हतं. न भरला तर पोलीस गाडी उचलून नेणार होते, आणि गाडीशिवाय केक पोचवणार कसा? शेवटी त्याने विचारलं, "मग शेजारी सुधारले तर हप्ता कमी होईल?"

बावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी परिपत्रक चाळलं. विरोधात काही नव्हतं. "होईल की," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी हा गृहस्थ बदामाच्या बिस्किटांचा डबा घेऊन गल्लीत दारोदार फिरायला लागला. पहिली भेटली मासळीवाली एर्मेलिंदा. तिच्या टेम्पोचा पुढचा भाग तीन वर्षांपासून दोरीने बांधलेला आहे.

"एर्मेलिंदाबाई, जरा सांभाळून चालवत जा. तुमच्यामुळे माझा हप्ता वाढतो."

"माझ्यामुळे? आता गं बाई! अरे, माझा काय संबंध? मी पोलंडची."

"तुम्ही? तुम्ही तर या वरच्या खोलीत जन्मलात!"

"मी जन्मले. टेम्पो नाही जन्मला. पाटी बघ." टेम्पोवर पोलंडची पाटी होती. तिथल्या कुठल्याशा गावाच्या कुठल्याशा मंडळींनी तो तिला भाड्याने दिला होता, कागदावर; म्हणजे विमाही तिथलाच, स्वस्तातला. त्या गावाचं नाव तिला उच्चारता येत नव्हतं. "थंड गाव आहे म्हणतात," ती म्हणाली आणि चार बिस्किटं उचलली.

पुढच्या घरी लिबोरिओ आजोबा. वय एक्याण्णव, एक डोळा गेलेला, जन्मात स्टीअरिंगला हात लावलेला नाही. अपघात कसा होणार? त्यामुळे ते आमच्या कंपनीचे अत्यंत सुरक्षित चालक असून तळमजल्यापासून गच्चीपर्यंतच्या नातवंडांच्या चौदा गाड्या त्यांच्या नावावर आहेत. गेल्या वर्षी कंपनीने त्यांना आदर्श चालक म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. मीच नेऊन दिलं.

आजोबांसकट उरलेले सगळे कागदावर वाल्लेस्कुराचे रहिवासी निघाले. वाल्लेस्कुरा हे उत्तरेकडच्या डोंगरातलं टिचभर गाव. तिथे हप्ता स्वस्त. तिथल्या ओत्तिलिया नावाच्या विधवा बाईंच्या दोन खोल्यांत आमच्या गल्लीचे आणि आसपासचे मिळून दोनशे बारा लोक राहतात. त्यांतल्या एकालाही ओत्तिलियाबाईंनी पाहिलेलं नाही.

साबातिनो रिकामा डबा घेऊन परत आला. "साहेब, आपल्या गल्लीत गाडी असलेला गल्लीतला माणूस मी एकटाच आहे हो."

मी संगणकावर पाहिलं. खरं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण आता मला स्पष्टीकरण द्यावं लागणार होतं.

"हे बघ, गेल्या वर्षी तुझी गाडी उभी असताना सहा वेळा कुणी ना कुणी ठोकून गेलं, आणि तू सहाही वेळा प्रामाणिकपणे कळवलंस. मिलानला कागद गेला: या गल्लीत विमा उतरवलेल्या गाड्यांपैकी शंभर टक्के गाड्यांना अपघात होतो. अख्ख्या इटलीत दुसरीकडे कुठे शंभर टक्के नाहीत."

"पण ठोकणारे सगळे पोलंडचे आणि वाल्लेस्कुराचे होते!"

"म्हणून तर ते आपल्या गल्लीच्या हिशेबात धरता येत नाहीत."

तरीही मी हात टेकले नाहीत. कंपनीची एक डबी असते. ती गाडीत बसवली की चालक कसा चालवतो ते मिलानला दिसतं. चांगला चालवत असेल तर सवलत. साबातिनोचा चेहरा उजळला. डबी बसवली, तीन महिने गेले, अहवाल आला. 'सदर चालक वेगमर्यादा पाळतो, लाल दिव्याला थांबतो, पादचाऱ्यांना वाट देतो. हे वर्तन स्थानिक वाहतुकीशी विसंगत असल्याने मागून धडक बसण्याचा धोका वाढतो. अधिभार लागू.'

या वेळी त्याची बायको अस्सुन्ताही आली होती. तिने अहवाल वाचला आणि माझ्याऐवजी नवऱ्यावर तुटून पडली. "तरी सांगत होते! तीस वर्षं बोंबलून सांगतेय, चार लोकांसारखं चालव! एकदा तरी ठोकायचं कुणाला! नाही, याला क्रीमची काळजी!"

"अगं, पण क्रीम—"

"घाल चुलीत ते क्रीम! साहेब, यालाही त्या डोंगरातल्या बाईकडे राहायला टाका. कागदावर टाका हं. घरी मला हवाय."

मी अर्ज पुढे केला. साबातिनोने पत्त्याच्या रकान्यापाशी पेन थांबवलं. "इथे लिहिलं, की मी तिथे राहतो, असं होणार?"

"असंच होणार."

"मग तिथे राहायला पाहिजे ना."

मी आणि अस्सुन्ता एकमेकांकडे बघतच राहिलो. दोनशे बारा लोकांना हा विचार सुचला नव्हता. पण याला कोण समजावणार? माणूस नाकासमोर चालणारा. पंधरा दिवसांत त्याने दुकानाला कुलूप लावलं, भट्टीचं सामान गाडीत भरलं आणि बायकोला शेजारी बसवून, प्रत्येक लाल दिव्याला थांबत, तिसऱ्या दिवशी वाल्लेस्कुराला पोचला. ती वाटभर त्याच्याशी बोलली नाही.

ओत्तिलियाबाईंनी दार उघडलं आणि एवढ्या वर्षांत आपल्या घरी प्रथमच कुणी रहिवासी राहायला आला म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी त्याला कंपनीचं नुकतंच आलेलं पत्र दाखवलं. त्यांच्या स्वतःच्या गाडीचा हप्ता चौपट झाला होता. त्या आठवड्यातून एकदा दूध घेऊन खाली जातात, पन्नास वर्षांत त्यांच्या चाकाखाली कोंबडीही आलेली नाही. परंतु वाल्लेस्कुराच्या रहिवाशांनी वर्षभरात चारशे नव्वद अपघात केले होते, आणि ते सगळे नेपल्समध्ये. मिलानने शेरा मारला होता: गाव लहान, पण अत्यंत बेदरकार.

त्यातच तपासनीस आला. एवढे रहिवासी खरोखर राहतात का, ते बघायला. दोनशे बारा जण घरी सापडले नाहीत. कामाला गेले असतील, त्यात गैर काही नाही. एकटा साबातिनो भरदुपारी घरात आढळला. काहीही उद्योग न करता दिलेल्या पत्त्यावर बसून राहणारा माणूस तपासनिसाला संशयास्पद वाटला, आणि त्याच्या नावापुढे लाल खूण झाली.

साबातिनोने मला फोन केला. "साहेब, इथलाही हप्ता वाढला. आपल्या गल्लीपेक्षा जास्त. आता कुठे राहायला जाऊ?"

"परत ये," मी म्हटलं. आणि हे मी मनापासून म्हटलं, कारण तो गेल्यापासून आमच्या गल्लीत कागदावर एकही गाडी उरली नव्हती, म्हणून एकही अपघात नव्हता. मिलानने आम्हाला देशातली सर्वांत सुरक्षित गल्ली जाहीर करून हप्ता एकदम खाली आणला होता. "आता आपल्याकडे अगदी फुकटात आहे बघ!"

मग तो म्हणाला, "गाडी काल विकली, साहेब." आणि रडायला लागला. एकतीस वर्षं ज्याने हजारो लग्नांचे केक न हलवता नेले, तो माणूस फोनवर हुंदके देत होता, आणि मला एकही परिपत्रक आठवेना.

आता त्याचं ठीक चाललंय म्हणतात. केक कुठे नेत नाही, लोकच डोंगर चढून खायला येतात. अस्सुन्ता बोलू लागली आहे. इथे मात्र आमची पंचाईत झाली. मुख्य कार्यालयाचं सणसणीत पत्र आलं: कोझोलिनो यांच्याकडून येणारी रक्कम विभागाच्या अंदाजपत्रकात गृहीत धरलेली असून ती कुणाकडून तरी येणे आवश्यक आहे. तरी स्वतःच्या घरी राहणारा, स्वतःच्या गाडीला स्वतःचं नाव लावणारा आणि वेळेवर हप्ता भरणारा एक इसम तातडीने शोधावा. नेपल्समध्ये न मिळाल्यास शोधाची हद्द वाढवावी, देशाची अट नाही.

म्हणून हे सगळं तुम्हाला सांगत बसलो. वाचताना साबातिनोची तुम्हाला कीव आली असेल, तर तुम्ही या जागेला पात्र आहात. अर्ज सोबत जोडला आहे. पत्ता मात्र खरा लिहा; खोटा पत्ता असणाऱ्यांची सवलतीची रांग वेगळी आहे. मी त्याच रांगेत उभा आहे, आणि खरं सांगायचं तर मघापासून माझ्या मागे तुम्हीच उभे आहात असं मला वाटतंय.