मसाल्याच्या पाकिटाची मोहीम आणि ओतूर बाजारची शिकस्त

श्री. मौजे डिंगोरे येथील समस्त भावकी, सोयरे, आणि पारावर बसोन काळ घालविणारी थोर मंडळी यांसी विनंती ऐसीजे : पाकिटावर हौशीरामांची छबी का नाही, हा सवाल गावात वारंवार उठू लागला, आणि खासे हौशीराम त्याचा जबाब दर खेपेस निराळा देऊ लागले, तेव्हा त्यांचे कुटुंब सौभाग्यवती अंजनाबाई यांची आज्ञा जाहली की, जे घडले ते एकदाचे कागदावर लिहावे, शेखी मिरवू नये, आणि हार जाहली तेथे हारच लिहावी. आज्ञा शिरसावंद्य. म्हणोन हौशीरामांनी दस्तुरखुद्द, परंतु स्वतःस परका इसम समजोन, ही हकीकत लिहिली, ती येणेप्रमाणे.

शके १९२५, सुभानुनाम संवत्सर, चैत्र मास. हौशीराम हे एकतीस वर्षे एस.टी.ची कंडक्टरी करोन नुकते घरी बसले होते, आणि हुकूम करावयास गाडीभर रयत उरली नव्हती, त्यामुळे मनी बहुत अस्वस्थ असत. इकडे अंजनाबाईंचा काळा मसाला पंचक्रोशीत मशहूर. त्यांचा आठ बायांचा बचत गट. अक्षय्य तृतीयेस पुण्यात प्रदर्शन भरणार, त्यात गटास गाळा मंजूर जाहला, परंतु शर्त ऐसी की, माल छापील पाकिटात असावा, सुटा आणील त्याचा गाळा दुसऱ्यास दिला जाईल. मग आठही जणींनी शेतातली कामे बाजूस सारोन, पंधरा दिवस उन्हात मिरच्या वाळविल्या, आणि देठ खुडले, आणि खोबरे व कांदा चुलीवर भाजोन धुराने डोळे लाल करोन घेतले, आणि डंकावर मसाला कुटोन आणिला. राहिले फक्त पाकीट. ती मसलत बायांच्या आवाक्यातली नव्हे, ऐसे हौशीरामांनी आपणच ठरविले, आणि आपणच सरनोबती पत्करिली. त्यांस कोणी नेमिले नव्हते, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

जुन्नरास स्वप्नाताई नामे चित्रकार. पुण्यात त्या विद्येचा अभ्यास करोन, जाहिरातीच्या कचेरीतली नोकरी सोडोन, घरच्याच पुढल्या खोलीत कॉम्प्युटर मांडोन, कोणाची ताबेदारी न करिता, येईल त्याचे काम करीत असे. हौशीराम एम-एटी गाडीवर स्वार जाहले, आणि गणेशखिंड ओलांडिली, आणि तिच्या दारी डेरेदाखल जाहले. स्वप्नाताईने पुडी उघडोन वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेविला, डोळ्यांस पाणी आले ते पुसले, आणि पुसिले, "काका, हा करतं कोण?"

"आमी," हौशीराम म्हणाले.

हा जबाब व्याकरणाने दुरुस्त, हकीकतीने खोटा. हौशीरामांनी आजवर त्या मसाल्यास जेवतेसमयी तेवढा हात लाविला होता.

चौथे दिवशी स्वप्नाताईने नमुना दाखविला. विटकरी रंग, मधोमध ठसठशीत नाव, एक मिरची, बाकी मैदान मोकळे. ते पाहोन हौशीरामांचा जीव कासावीस जाहला. एकतीस वर्षांत ज्यांनी एक आसन रिकामे दिसले तर स्टँडावर गाडी थांबवोन "आळंफाटा, नारायणगाव" ऐसा पुकारा केला, त्यांस ही मोकळीक कैसी सोसावी?

"ताई, निम्मी गाडी रिकामीच चाललीय की!"

"काका, जागा मोकळी आहे म्हणून नाव दिसतंय."

परंतु ते मानते ना. मग हौशीरामांनी फर्मान काढिले की, वरते अंगास शिवनेरी असावा, आणि पाठीमागे उगवता सूर्य, आणि जुन्नरची ओळख म्हणोन झेप घेणारा बिबट्या, कारण त्या दिवसांत उसाच्या रानोरान बिबट्याचीच चर्चा होती, आणि मधोमध गोल चौकटीत मसाल्याचे धनी म्हणोन हौशीरामांची छबी. छबीही त्यांनी सोबत आणिलीच होती. निवृत्तीच्या समारंभातली, गळ्यात झेंडूचा हार, मुद्रा गंभीर. आणि खाली ब्रीद, रात्री जागोन स्वतः रचिलेले : "सदैव स्मरणात राहील अशी चव."

स्वप्नाताईने तीन वेळा समजाविले. हौशीरामांनी तीन वेळा "आमचा एवढ्या वर्षांचा पब्लिकचा अनुभव" पुढे केला. ती कोणाची नोकर नव्हे, म्हणोन तडक नाही म्हणण्यास मुखत्यार होती, परंतु बायांचा मसाला तिच्या जिभेवर होता. शेवटी तिने तहाची कलमे मांडिली : "तुम्ही सांगता तसं करते. पण छापखान्यात हजार टाकू नका. चाळीस मी इथेच काढून देते. ओतूरच्या बाजारात मांडून बघा. आणि खाली माझं नाव टाकणार नाही."

शेवटले वाक्य हौशीरामांस तिचा विनय वाटला.

मग ओतूरचा बाजार. हौशीराम पहाटेच निघाले, आणि कांद्यालसणाच्या दुकानांलगत मोक्याची जागा धरिली, आणि चाळीस पाकिटे चार रांगांत उभी केली. म्हणजे चाळीस हौशीराम, चाळीस हार, चाळीस बिबटे. फौज पाहोन सरनोबतांचा ऊर भरोन आला. लोक येत, थबकत, आवाज खाली आणोन काही बोलत, आणि निघोन जात. पहिला प्रहर सरला तरी एक पाकीट हलले नाही. इतक्यात सोनीबाई नामे एक वृद्धा, हाती मेथीची जुडी, पुढे आली, वाकोन पाहों लागली, आणि तिचा चेहरा उतरला.

"आरारा! कुणाचा गं बाई ह्यो? बिबट्यानं न्हेला व्हय?"

शेजारी चष्मा लाविलेले एक गृहस्थ होते, त्यांनी वाचोन दाखविले, "सदैव स्मरणात राहील..." पुढली अक्षरे बारीक होती, म्हणोन तेथेच थांबले, आणि टोपी काढिली. आणखी दोघांनी टोप्या काढिल्या. सोनीबाईंनी पाकिटास हात जोडिले, आणि मग नजर वर करोन हौशीरामांस पुसिले, "पावणं, तुमचा भाऊ का? त्वांडावळा सारखाच दिसतोय."

"आजी, मीच हाय त्यो."

"जित्ता?"

"जित्ता."

"मंग हार कशाला घातलाय?"

 तेव्हा जो हशा उठला तो कांद्याच्या आळीतून निघोन भांड्यांच्या आळीपर्यंत पोहोचला, आणि तेथून लोक मयतास प्रत्यक्ष पाहावयास येऊ लागले. कोणी नाडी पाहिली. एका भल्या गृहस्थाने, बाजारात इतक्या दुरून आलेल्या माणसास रिकामे धाडू नये म्हणोन, एक पाकीट घेतले. बाकी एकोणचाळीस हौशीराम पोत्यात घालोन चाळिसावा घरी परतला.

घरी त्यांनी सांगितले की, बाजार जरा ढिला होता. परंतु ओतूरची बातमी एम-एटीच्या आधी डिंगोऱ्यास पोहोचली होती. अंजनाबाई भिंतीस टेकोन हसल्या, आणि डोळ्यांस पदर लावोन हसल्या, आणि मग एकाएकी हसावयाच्या थांबल्या.

"आठ जणींनी पंधरा दिस धूर खाल्लाय," त्या म्हणाल्या. "तुमाला फकस्त कागूद करून आणायचा व्हता. आता धा दिस ऱ्हायल्यात. त्यांना मी काय सांगू?"

बाजाराचा हशा हौशीरामांनी सोसिला होता, हे सोसवले नाही. भाकरी हातातच राहिली. एकतीस वर्षे लोकांस "पुढे सरका, पुढे सरका" म्हटले, आणि आपण मात्र वाट अडवोन उभे आहोत, ऐसे त्यांस प्रथमच वाटले.

दुसरे दिवशी अंजनाबाई एम-एटीवर मागे बसल्या, आणि उभयता जुन्नरास गेले. स्वप्नाताईपुढे लग्नपत्रिकांचा ढीग, हंगाम ऐन भरात. ओतूरचे वर्तमान तीस ठाऊक होते की नाही, कळावयास मार्ग नाही. तिने पुसिले मात्र नाही, हा तिचा मोठेपणा.

"काका, काम करते, वेळ काढते. पण दोघांचं ऐकून चित्र होत नाही. सांगणार कोण, ते एकदा ठरवा."

हौशीरामांनी अंजनाबाईंस पुढे केले. मग म्हणाले, "ह्या सांगतील," आणि कोणी न सांगता बाहेर पायरीवर जाऊन बैसले.

आतले बोलणे त्यांस ऐकू येत होते. स्वप्नाताई म्हणाली, फोटो तुमचा टाकू का? अंजनाबाई म्हणाल्या, "नको बाई! माझा फोटू बघून कोन मसाला घील? एक सांगू का? आमच्यात अंबाबाई हाय. पन्नाशीत आत्ताशी अक्षरं वळखाया लागलीय. तिला वाचता आलं पायजेल. येवढं कर." मग बराच वेळ आत कॉम्प्युटरच्या कळा टकटक वाजत होत्या.

तिसरे प्रहरी हौशीरामांस आत पाचारण जाहले. पाहतात तो विटकरी रंग, आणि पाटीवर गिरवावी ऐसी थोरली अक्षरे, "डिंगोऱ्याचा काळा मसाला", आणि भोवती आठ मिरच्या गोल धरोन. खाली पुनश्च मोकळे मैदान.

"काका, काही बदल सांगायचाय?"

तो प्रसंग मोठा बाका. अंजनाबाई पाहत आहेत, स्वप्नाताई पाहत आहे, आणि हौशीरामांच्या जिभेच्या टोकावर शिवनेरी चढोन बैसला आहे. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात एक लहानसा सूर्य सहज मावला असता. त्यांनी मिशीवरून हात फिरविला, तोंड उघडले.

"न्हाई," ते म्हणाले. "लई झ्याक झालंय."

इतुकी तोकडी आज्ञा त्यांनी उभ्या चाकरीत केली नव्हती.

पाकिटे छापोन आली तेव्हा आठही जणी ओसरीवर जमल्या. अंबाबाईंनी एक हाती घेतले, आणि अक्षरांवर बोट ठेविले, आणि "डिं... गो..." येथवर आल्या, पुढल्या जोडाक्षरापाशी अडखळल्या, ते वळसा घालोन टाळिले, "का... ळा..." ऐसे वाचीत शेवटास पोहोचल्या, आणि मान वर करोन मोठ्याने म्हणाल्या, "आपला मसाला!" ऐसे पाकिटावर लिहिले नव्हते. कोणी दुरुस्त केले नाही.

अक्षय्य तृतीयेस पुण्यात गाळा उभा राहिला, आणि तिसरे दिवशी दोन प्रहरी माल सरला, आणि आठ जणी रिकामी पोती घडी करोन गात गात माघारी आल्या. हौशीरामांनी जाताना व येताना ओझी वाहिली. ती कामगिरी त्यांनी नीट बजाविली, ऐसे अंजनाबाईंचे मत पडले, ते त्यांच्या सांगण्यावरून येथे दाखल केले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शत्रू एकच होता, तो घरचाच निघाला. मुलूख जिंकिला तो पाकिटाच्या खालच्या अंगाची तीन बोटे मोकळी जागा. पाच वर्षे जाहली, त्या मुलुखावर हौशीरामांनी अद्याप काही वसविले नाही. मोह रोज होतो.