इंदूला बोलवा

"मी नाही, आय!" नीलकंठरावांनी वर्तमानपत्राआडूनच दुरुस्ती केली.

इंदूने फोन छातीशी दाबून धरला. पलीकडे कोइमतूरहून होणाऱ्या विहीणबाई बोलत होत्या. इंदूच्या काशीत वाढलेल्या मुलाने, सुमंतने, बंगळुरात विशालाक्षी पसंत केली होती आणि तिच्या आईवडिलांना ना मराठी येत होतं, ना हिंदी. त्यामुळे दर रविवारी दोघी आया इंग्रजीचा हात धरून एकमेकींकडे येऊ बघत होत्या.

"अहो, मी म्हणजे मीच ना?" इंदू कुजबुजली.

"मराठीत. इंग्रजीत करणारी असलीस तर आय, सोसणारी असलीस तर मी."

"आणि दोन्ही असले तर?"

"फालतू प्रश्न विचारू नकोस."

नीलकंठराव बँकेत होते तेव्हा साहेबांची इंग्रजी पत्रं त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय टपालात पडत नसत. निवृत्तीबरोबर पत्रं संपली, चुका काढण्याची हौस शिल्लक राहिली, आणि काढायला घरात एकटी इंदू होती. मुलाचा विषय निघाला की 'ही' की 'हिम', सुनेचा निघाला की 'शी' की 'हर', ती अडायची, नवऱ्याकडे बघायची, त्यांचं बोट वर जायचं, आणि विहीणबाई "हलो? हलो?" करून फोन ठेवायच्या.

"तुम्ही टोकता ना, तिथेच गाडी बंद पडते," इंदू एकदा वैतागून म्हणाली. "काशीच्या गल्लीत भाजीवाल्याशी हिंदीत 'हम', घरात 'मी', फोनवर 'आय'. एका बाईने किती वेळा बदलायचं?"

पुढच्या रविवारी मात्र ती न अडखळता बोलली. तिने वाट काढली होती: हे सगळे टीचभर शब्द टाकूनच द्यायचे आणि ज्याचं त्याचं नाव घ्यायचं.

"इंदू कुक्स. नीलकंठ ईट्स. नीलकंठ रीड्स पेपर. इंदू ईट्स लास्ट."

नवऱ्याचं नाव घ्यायला इंग्रजीत उखाणा लागत नाही, हेही तिच्या ध्यानात आलं आणि ते नाव ती जरा जास्तच वेळा घेऊ लागली. नीलकंठरावांचं बोट वर गेलं ते तसंच राहिलं. चूक सापडेना.

"बघ," ते म्हणाले. "शिस्त लावली की सगळं येतं."

आता फोन लांबू लागले. विहीणबाई खोदून खोदून विचारायच्या आणि इंदू खरं तेच सांगायची. इंदूज हँड बर्न्ट. नो डॉक्टर, ओन्ली हळद. संडे? नो संडे, इंदू ऑल डे किचन.

"किती चौकशी करतात हो," फोन ठेवून ती म्हणाली. "हात बरा झाला का, जेवण झालं का. इतकं मला कुणी विचारलं नव्हतं."

नीलकंठरावांना वाटलं, आपल्या शिकवणीचं कौतुक चाललंय.

मग सुमंतचा फोन आला. "बाबा, तिकडे झालंय काय? विशालाक्षीची आई म्हणते, साखरपुड्याचं नंतर बघू, आधी मला ते घर बघायचंय. काशीयात्रेच्या निमित्ताने येतायत दोघं."

"आपल्या घरात कमी काय आहे?"

"ते सांगतच नाहीत. काहीतरी खटकलंय. लग्न मोडेल हं, बाबा. आल्यावर कुणाला टोकू नका, प्लीज."

इंदूचं जेवणावरचं मन उडालं. "माझंच बोलण्यात काहीतरी चुकलं असणार."

"छे, व्याकरण बरोबर होतं," नीलकंठराव म्हणाले.

विश्वनाथाचं दर्शन आटोपून, माणसांच्या आणि सांडांच्या कडेकडेने पाहुणे दूधविनायकाच्या गल्लीत पोचले. विहीणबाईंनी धापा टाकतच इंदूच्या हातात कांजीवरम ठेवली. "फॉर सुमंत्स मदर." मग पिशवीतून दुसरं पुडकं काढलं. त्यात साधी सुती साडी होती आणि भाजल्यावर लावायचं मलम.

"कॉल इंदू," त्या म्हणाल्या. "फर्स्ट, मी सी इंदू."

'मी सी' ऐकून नीलकंठरावांची जीभ वळवळली. सुमंतची आठवण झाली म्हणून त्यांनी ती आवरली.

व्याह्यांनी घसा खाकरला. त्यांच्या घरीही स्वयंपाकाला बाई आहे, ते सावकाश इंग्रजीत सांगू लागले. ती त्यांच्याबरोबरच जेवते. रविवारी तिला सुट्टी असते. जिथे कामाच्या बाईचा हात भाजला तरी कुणी डॉक्टरकडे नेत नाही, सगळ्यांचं झाल्यावर तिला घास मिळतो, तिथे मुलगी द्यायची कशी? "सर, एज्युकेटेड फॅमिली..." एवढं म्हणून त्यांनी भिडेने पुढचं गिळलं.

नीलकंठरावांच्या कानात सगळे रविवार एकदम बोलू लागले.

इंदूने सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनेच कांजीवरमसकट हात छातीवर ठेवला.

"इंदू..." ती म्हणाली. "मी."

नीलकंठरावांचं बोट जागचं हललं नाही. विहीणबाईंनी तिचं मनगट उलटं करून डाग पाहिला, आणि तिथल्या तिथे मलमाचं झाकण उघडलं.

"नो सर्व्हंट?" व्याह्यांनी विचारलं.

"नो सर्व्हंट," नीलकंठरावांनी घाईने सांगितलं.

"बट... ईट्स लास्ट? नो संडे?"

एवढी वर्षं पत्रं तपासलेला माणूस. त्यांनी ती वाक्यं मनात पुन्हा पुन्हा वाचली. कुठे काही चुकलेलं असतं तर त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं असतं.

पानं मांडली तेव्हा इंदू बसल्याशिवाय विहीणबाई बसेनात. मग वाढायला उरले नीलकंठराव. ते आत गेले. आत वाफ कोंडली होती. दाराआड तिचा पाट भिंतीला टेकून उभा होता, तिच्या एकटीच्या जेवणाचा. तूप कुठे असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. बाहेर विहीणबाई साखरपुड्याची तारीख विचारत होत्या, तीही इंदूला.

"अगं, तुपाचं भांडं कुठंय?"

दोघींचं हसणं ऐकू आलं. मग इंदूचा आवाज, जराही न अडखळता.

"इंदू ईटिंग!"

मधला 'इज' राहिला होता. नीलकंठराव फळीवरचे डबे एकेक करून उघडत राहिले.