फ्रीझरमध्ये परत जाणारे डबे

"माझ्यासारखा मेंदू शतकात एखादाच जन्माला येतो," अण्णा म्हणाले, "आणि या शतकातला तो या खुर्चीत बसलेला आहे."

ती खुर्ची जेवणाच्या टेबलाची होती. तिचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली चार घड्या घालून सरकवलेला कागद म्हणजे अण्णांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं मानपत्र होतं. चौतीस वर्षं ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. एका दुकानदाराच्या काट्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक त्यांनी पकडलं होतं. एकदाच. पण त्या एका लोहचुंबकाला त्यांची पुढची सगळी गुप्तहेरगिरी चिकटून राहिली होती.

"मेंदूला चहा हवाय का?" आजीनं विचारलं. त्रेचाळीस वर्षं ती त्यांची बायको होती आणि निवृत्तीपासून त्यांची मदतनीसही. दोन्ही कामांना पगार नव्हता, पण दुसऱ्याला गणवेश होता: अण्णांनी तिला एक शिट्टी दिली होती.

प्रकरण सोमवारी सुरू झालं.

सून नकाशे काढायची. मुलं लहान होती तेव्हा सात वर्षं तिनं ते काम बाजूला ठेवलं होतं, आणि महिन्याभरापूर्वी पुन्हा कार्यालयात जायला लागली होती. तिथून एक कागद आला होता. पूर्ण दिवस की अर्धा दिवस, एका चौकोनात खूण करायची आणि शनिवारी परत द्यायचा. हा कागद ओट्याच्या टोकाला बरणीखाली पडून होता, आणि येता-जाता सगळे त्याच्याकडे न पाहिल्यासारखं पाहत होते.

पूर्ण दिवस जमावा म्हणून सुनेनं रविवारी दोन तास खपून आठवड्याची जेवणं करून ठेवली. पाच डबे, पाच चिठ्ठ्या. सोमवार राजमा, मंगळवार मसुराचं सूप, बुधवार नूडल्सवर घालायला टोमॅटोचा सॉस, गुरुवार वाटाणा-बटाटा, शुक्रवार भोपळ्याचं सूप. तक्ता फ्रीजच्या दारावर. सकाळी साडेसहाला मुलानं बसच्या ड्यूटीवर जाण्याआधी त्या दिवसाचा डबा फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेवायचा, संध्याकाळी सुनेनं येऊन गरम करायचा, सोबत भात नाहीतर पाव. अर्ध्या तासात जेवण.

"आणि मी काय करू?" आजीनं विचारलं होतं.

"आई, तुम्ही आयुष्यभर केलंत. आता संध्याकाळी नुसतं बसायचं."

सोमवारी संध्याकाळी सून आली, तर ओटा लख्ख आणि राजमा फ्रीझरमध्ये, विटेसारखा. तो वितळून उकळेपर्यंत नऊ वाजले. पाच वर्षांची नात, चिमणी, ताटावर डोकं टेकून झोपली.

"मी काढला होता," मुलगा म्हणाला.

मंगळवारी तेच. मसुराचं सूप सुरीनं फोडायची वेळ आली. सून गॅससमोर कार्यालयाच्याच कपड्यांत उभी होती.

"मी काढला होता," मुलगा पुन्हा म्हणाला. "शपथ."

"मग काय, डबा स्वतः चालत आत गेला?" सून म्हणाली. मग हळूच, "असंच चालायचं असेल, तर अर्ध्या दिवसावर खूण करते. मुलांना नऊला जेवायला घालण्यात काय अर्थ आहे?"

तिशीत असताना आजीला शाळेत शिवण शिकवायला बोलावलं होतं. आठ दिवस गेलीही होती. दोनदा जेवायला उशीर झाला, कोणी काही बोललं नाही, नुसती भांडी जरा जोरात वाजली. नवव्या दिवशी ती गेली नाही. त्या शाळेच्या जिन्याला बावीस पायऱ्या होत्या हे तिला अजून आठवत होतं.

"अहो," ती अण्णांना म्हणाली, "तुमचा तो मेंदू जरा कामाला लावा. खरंच."

अण्णा उठले. मानपत्रावरची खुर्ची डुगडुगली.

पहिला संशय नातवावर. त्याचं वय नऊ.

"भोपळ्याचं सूप तुला आवडत नाही. खरं की खोटं?"

"खरं."

"म्हणजे हेतू सिद्ध."

"पण अण्णाआजोबा, भोपळा शुक्रवारी आहे. मी राजमा कशाला लपवू? राजमा मी तीनदा घेतो."

अण्णांनी वहीत लिहिलं: *संशयित हुशार आहे. आजोबांवर गेला आहे.*

मग त्यांनी बोटांचे ठसे घ्यायला फ्रीजच्या मुठीवर मैदा भुरभुरवला आणि भिंग आणायला खोलीत गेले. परत येईपर्यंत मूठ चकचकीत.

"गुन्हेगारानं पुरावा पुसला," ते कुजबुजले.

"मी पुसला," आजी म्हणाली. "पीठ कोणी सांडलं होतं तिथे?"

"अगं, मदतनिसानं पुरावा पुसायचा नसतो."

"मग मदतनिसाला आधी सांगायचं असतं."

त्यानंतर अण्णांनी हुकूम काढला. सकाळी डबा काढला की संध्याकाळपर्यंत फ्रीझर कोणीही उघडायचा नाही. घटनास्थळ जसंच्या तसं राहिलं पाहिजे.

बुधवारी भलतंच झालं. आजी भल्या सकाळी दाढ दाखवायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली, दुपारी गाल सुजवून परतली, आणि संध्याकाळी पाहते तर टोमॅटोचा सॉस ओट्यावर, छान पातळ झालेला. सव्वासातला सगळे जेवले. नातवाच्या हनुवटीपर्यंत नूडल्स लोंबत होत्या. सून हसली. बरणीखालच्या कागदाकडे आज सगळ्यांनी उघड पाहिलं.

फक्त अण्णा जेवले नाहीत. ते विचार करत होते.

"गुन्हेगाराची बुधवारी सुट्टी असते," ते शेवटी म्हणाले. "या गल्लीत बुधवारी कोणाचं दुकान बंद असतं?"

"न्हाव्याचं," नातू म्हणाला.

"आणि त्याच्याकडे धारदार हत्यारं आहेत," अण्णा म्हणाले आणि वही मिटली.

गुरुवारी सकाळी साध्या वेशात ते न्हाव्याकडे गेले. साधा वेश म्हणजे रोजचाच शर्ट, पण उलटा. डोक्यावर मोजून काढण्याइतकेच केस असल्यानं चौकशीला वेळ थोडा मिळाला.

"राजमा आवडतो का हो?" त्यांनी सहज विचारलं.

"मला वाताचा त्रास आहे," न्हावी म्हणाला. "शर्ट उलटा घातलाय तुम्ही."

संध्याकाळी वाटाणा-बटाटा फ्रीझरमध्ये निघाला. दगड.

सुनेनं डबा ओट्यावर आपटला नाही, नुसता ठेवला. त्यापेक्षा आपटला असता तर आजीला बरं वाटलं असतं. मग सुनेनं अंडी उकडून वाढली, बरणीखालचा कागद काढला आणि पेन शोधायला लागली.

"थांबा," अण्णा म्हणाले. "मी उलगड्याच्या अगदी जवळ आलोय. वरच्या मजल्यावरची व्हायोलिनवाली शिक्षिका. तिच्या पेटीत बरोबर पाच डबे मावतात."

"आजी ठेवते आत," चिमणी म्हणाली. तिचं सगळं लक्ष अंड्याचं कवच सोलण्यात होतं.

"काय?"

"डबा. बाबा काढतो, बसवर जातो. मी दूध पिते. मग आजी येते, चहा टाकते, ओटा पुसते, डबा पण पुसते, आणि आत ठेवते. रोज. दाढेच्या दिवशी नाही ठेवला."

"मग तू सांगितलं का नाहीस?" अण्णांचा आवाज चिरकला.

"तुम्ही दादालाच विचारलंत. मला कुठे विचारलंत?"

सगळे आजीकडे बघत होते आणि आजी स्वतःच्या हाताकडे. तिला डबा आठवत नव्हता. फडकं आठवत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या घरात फ्रीज नव्हता, जाळीचं कपाट होतं. उघडं राहिलेलं अन्न दुपारपर्यंत विटायचं. हातानं तेव्हा एक शिकून घेतलं होतं: दिसलं की आत ठेव. नंतर हातानं तिला कधी विचारलंच नाही.

"मीच गं," ती सुनेला म्हणाली. "मला वाटत होतं तू जावंस. आणि मीच..."

सून एकाएकी खो-खो हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आई, अहो, बिचाऱ्या न्हाव्याला सांगा कोणीतरी."

आता प्रश्न एकच उरला: भोपळ्याचं सूप उद्या ठेवायचं कुठे? आजीनं शपथ घेतली, पण तिच्या हाताची शपथ कोण घेणार? घरात आजीचं फडकं पोचत नाही अशी एकच जागा होती. अण्णांचं टेबल. तिथे हात लावायची तिला नऊ वर्षं मनाई होती, आणि धूळ साक्षीला होती.

शुक्रवारी सकाळी डबा तिथे गेला. 'पुरावा क्रमांक एक' अशी चिठ्ठी अण्णांनी स्वतः लावली. दिवसभर त्यातून पाणी सुटलं आणि न्हाव्याची संपूर्ण फाइल भिजली, पण सूप सात वाजता टेबलावर होतं. नातवानं नाक मुरडत दोन वाट्या संपवल्या.

जेवणानंतर अण्णांनी वही उघडून मोठ्यानं वाचलं: "गुन्हेगार घरातलाच आहे हे मी प्रथमपासून ओळखून होतो. त्रेचाळीस वर्षं तिच्यावर पाळत ठेवली आहे."

आजीनं शिट्टी वाजवली. पहिल्यांदाच.

नंतर ती ओटा आवरायला उठली. टोकाला तो कागद होता, पूर्ण दिवसाच्या चौकोनात ठळक खूण केलेला. तिचा हात फडक्यासकट पुढे झाला.

"आजी," चिमणी ओरडली.

"बघतेय गं मी."

फडकं तिनं खाली ठेवलं. कागद दोन्ही हातांनी उचलला, नीट पाहिला, आणि सुनेच्या उद्याच्या पिशवीत, वरच दिसेल असा, जागच्या जागी ठेवला.