विश्वासरावांच्या वाटणीचा भेजा

विश्वासरावांनी आयुष्यात एकच खोटं नीट जुळवून सांगितलं, आणि तेही भेज्यासाठी. (बाकीची त्यांच्या पत्नी जिजाबाई उंबऱ्यातच पकडत.)

बकऱ्याला डोकं एक आणि डोक्यात भेजा एक, तोही जेमतेम वाटीभर. विश्वासरावांचं घराणं गायकवाडी फौजेतलं. तिथे भेजा घरातल्या ज्याच्यावर साऱ्यांची भिस्त, त्याच्या ताटात पडायचा. लहानपणी तो थोरल्या भावाला, प्रतापसिंहरावांना मिळाला, कारण ते साहेब होणार होते. पुढे मुलाला, समरजितला, कारण तो इंजिनिअर होणार होता. मग दहावीला बसलेल्या शलाकाला. विश्वासराव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात कारकून झाले, रिटायर झाले आणि चौसष्ट वर्षं रस्सा अन् रश्शातला बटाटा खात राहिले. आपल्यावर कुणाची भिस्तच नाही, याचं त्यांना वाईट वाटे. अगदी आतून वाटे.

आता समरजित कॅनडात, शलाका सासरी. घरात ताटं उरली दोन. एका रविवारी मटणाची पिशवी ओट्यावर ठेवताना त्यांनी ठरवलं, आज भेजा आपण खायचा. पण बायकोकडे सरळ काही मागायची सवय नव्हती.

"अगं, डॉक्टर म्हणाले, हल्ली विसरायला होतं ना, तर भेजा खात जा."

"विसरायला होतं? कधीपासून?"

"ते... नक्की आठवत नाही."

(इथे थांबायला हवं होतं. पण उत्तर जमल्याचा त्यांना आनंद झाला होता.)

जिजाबाईंनी भेजा कढईत टाकला आणि शलाकाला फोन लावला. शलाकाने समरजितला लावला, समरजितने आईला. या फोनाफोनीत भेजा करपून कोळसा झाला, आणि विश्वासरावांनी बटाटा खाल्ला.

सोमवारी त्यांच्या स्कूटरची चावी जिजाबाईंच्या पर्समध्ये गेली. मंगळवारी खंडेराव मार्केटात भाजीवाल्याने त्यांच्या खिशातून डोकावणारी चिठ्ठी वाचली. तीवर जिजाबाईंच्या अक्षरात नाव, पत्ता, फोन नंबर आणि खाली 'सापडल्यास कळवावे' असं होतं. त्याने लगेच कळवलं. जिजाबाई रिक्षाने येईपर्यंत त्याने विश्वासरावांना कांद्याच्या पोत्यावर बसवून ठेवलं, हात धरून.

बुधवारी शेजारच्या गुजराती नयनाबेन दारात उभ्या राहून ओरडल्या, "विश्वासभाई! मने ओळखो छो ने? हुं नयना!"

"वीस वर्षं ओळखतो!"

"बिचारा," नयनाबेन जिजाबाईंना म्हणाल्या, "केटलो गुस्सो!"

गुरुवारी समरजितचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, आज वार कोणता?"

"गाढवा, पंधरा वर्षं माझा भेजा तुला चारला, आणि मला वार विचारतोस?"

समरजितने आवाज खाली घेतला. "आई, हे काहीतरी भलतंच बोलतायत गं."

शुक्रवारी विश्वासराव शरण गेले. "जिजा, मी खोटं बोललो. डॉक्टर काहीसुद्धा म्हणाले नव्हते. मी त्यांच्याकडे गेलोच नव्हतो."

जिजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, डॉक्टरांकडे गेलात तेही विसरलात?"

त्यानंतर विश्वासरावांनी बोलणं सोडलं. येऊन-जाऊन एकच आशा उरली होती: रविवार. रविवारी जिजाबाईंनी स्वतः मटणवाल्याला सांगून भेजा आणला, हळदीच्या पाण्यात उकडला, कांदा, हिरवी मिरची आणि मिरपूड घालून परतला. विश्वासराव अकरापासून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून त्या वासावर जगत होते. निदान आजारी म्हणून का होईना, भेजा आपल्या ताटात येणार. मानाचा नसला तरी चालेल, असं त्यांनी मनाला समजावलं.

साडेबाराला बाबांना बघायला शलाका आली, आणि तिच्याबरोबर जावई उत्कर्षराव. न कळवता आलेला असला तरी जावई तो जावईच. पानं मांडली गेली. वाटी फिरली आणि उत्कर्षरावांच्या ताटाशी थांबली.

"वा, भेजा! बाबा, तुम्हाला माहितीये? फ्रान्समध्ये हा बटरमध्ये परततात. मेक्सिकोत टॅकोत घालतात. सुमात्रात नारळाच्या रश्शात. सगळं जग खातं हो!"

"सगळं जग खातं," विश्वासराव म्हणाले. वाटी निम्मी झाली, मग पुसली गेली. त्यांना राहवलं नाही. "जिजा, माझा भेजा?"

जिजाबाईंनी एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा रिकाम्या कढईकडे.

"अहो, मघाशीच नाही का तुम्ही स्वयंपाकघरात येऊन खाल्लात? विसरलात, बघा."

शलाकाने डोळ्यांना पदर लावला. उत्कर्षरावांनी सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला. "होतं असं, बाबा. कसा झाला होता ते तरी आठवतंय?"

विश्वासरावांनी खूप वेळ विचार केला. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी हळूच स्वतःची बोटं हुंगून पाहिली.