धोंडूमामांचा वैरी

धोंडूमामा सिनेमा बघताना चपला मांडीवर घेऊन बसतात. पहिली थाप दिसली की चपला घालून उठायचं, असा त्यांचा बाणा. परवापर्यंत एकही सिनेमा त्यांनी अर्ध्याच्या पुढे पाहिलेला नव्हता.

हे माझ्या बायकोचे मामा. दिग्गीच्या रानातल्या वाडीवर एकटे राहतात. बाजाराला इथं रामनगरला आले की दुपारी आमच्याकडे जेवतात आणि टीव्हीसमोर बसतात. मी सिनेमापेक्षा त्यांच्याकडेच बघतो, करमणूक जास्त होते.

परवा सूडाचा सिनेमा लागला होता. बापाला मारणाऱ्याला हिरो वीस वर्षं शोधत असतो. भर पावसात तो पांढरी विजार घालून रानातून धावला.

"एक जळू न्हाई चिकटली?" मामा म्हणाले. "आमच्याकडं या म्हणावं!"

मग त्यानं एकाच कोयत्यानं चाळीस माणसं कापली.

"व्हय की! मला करवंदाच्या दोन जाळ्या तोडल्या की धार लावाय लागती."

चपला जमिनीवर आल्या आणि परत मांडीवर गेल्या. "बसतो. वैर तेवढं खरं वाटतंय."

शेवटी हिरोनं खलनायकाला कड्यावरून ढकललं आणि मामांनी चपला घातल्या.

"लबाड सिनेमा! वीस वर्सं ज्याच्यापायी जगला त्यालाच ढकलून दिला? आता उद्या सकाळी उठून ह्यो करणार काय?"

या विषयात मामांचा अधिकार मोठा. बांधावरचा फणस तोडला म्हणून ओढ्यापलीकडच्या दत्तोबाशी त्यांनी उभा जन्म अबोला धरलाय. तोही असा चोख, की बघत राहावं. दत्तोबाच्या छपरातून धूर निघाल्याशिवाय मात्र मामा सकाळी चहाचं आधण ठेवत नाहीत. का विचारलं तर म्हणतात, "वैऱ्यावर नजर ठेवाय लागती." एकदा धूर दिसेना, तेव्हा अंगणात उभं राहून त्यांनी दत्तोबाच्या नावानं शिव्या सुरू केल्या. पलीकडून खोकत खोकत उलट शिवी आली, तेव्हा कुठे यांची चूल पेटली. शिव्या ते बोलण्यात धरत नाहीत.

वाडीतली बाकीची घरं एकेक करून रामनगरला उतरली. आता तिथं या दोघांच्याच चुली आहेत.

मी म्हटलं, "मामा, तुमची पीडा टळली. दत्तोबाचा मुलगा त्यांना इकडं आणतोय, कायमचं."

मामांनी घातलेल्या चपला काढल्या आणि ते खाली बसले. समोरचा चहा निवून गेला.

"जावईबापू," ते म्हणाले, "त्या पोराला तुमी भेटा. म्हाताऱ्याला इथलं पाणी सोसायचं न्हाई म्हणावं. तिथं बघाय माणूस हाय."

"कोण माणूस?"

"हाय म्हणावं एक. पर माझं नाव घेऊ नगा. आमचं बोलणं न्हाई."